अकरा पावलं

दहिसर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय आयडा,

काल सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. आज सकाळपासून रिंगच जात नाही, म्हणजे मला ब्लॉक केलंयस. तेही ॲमांडाकडून करून घेतलं असशील, कारण तुला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून आता कागद-पेन. पण तुझी ही सून गुणाची आहे, पत्र पोचवते म्हणाली. मी तिला रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या गेटवर भेटेन, उत्तर लिहिलंस तर तिच्याकडेच दे.

काल तुझ्या वॉर्डात आले तर तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, भूल नीट उतरली नसेल. मग तू त्या भिंतीलाच म्हणालीस, "हिला सांगा, जा." ॲमांडा बघत होती, शेजारच्या खाटेवरची बाई तर उठून बसून बघत होती. मी मोसंबी ठेवली आणि निघाले. लिफ्टमध्ये शिरले आणि बटण दाबायचं विसरून तशीच उभी राहिले, एवढं सांगते.

राग कशाचा आहे ते सावकाश सांग, मी ऐकून घेईन. पण आधी कामाचं. मागच्या दारी कपडे वाळत घालताना पडलीस, खुबा मोडला, शुक्रवारी ऑपरेशन झालं. झकास झालं, मी फोटो बघितलेत. काल तुला उभं राहायचं होतं. राहिली नाहीस. आजही नाही. तिथली फिजिओ संघमित्रा माझ्या हाताखाली शिकलेली आहे. ती फोनवर रडायच्या बेतात होती. म्हणाली, "मॅडम, तुमची मैत्रीण पाय खाटेखाली सोडूच देत नाही. हात लावला तर किंचाळते."

आयडा, सत्तावीस वर्षं मी हेच केलं. पायाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठवायचं. माणूस शिव्या देतो, रडतो, त्याची बायको मला राक्षसीण म्हणते. पण पडून राहिलं की काय होतं ते मी बघितलंय. पाठीला जखमा होतात, छातीत कफ धरतो, पायात रक्त साकळतं, आणि आठ दिवसांत मांडीचं मांस उतरतं ते या वयात परत येत नाही. त्रेसष्ट हे वय आता खाटेवर काढायचं आहे का तुला? तुझं अंगण, तुझ्या कोंबड्या, देवळातला तुझा तो तिसरा बाक, सगळं चालणाऱ्या बाईचं आहे.

काही कठीण नाही गं. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. संघमित्रा धरेल. मला बघायचं नसेल तर मी येत नाही. पण उद्या उभी राहा.

तुझीच,
कुंदा


बोरिवली, हॉस्पिटल
१३ जानेवारी

कुंदा,

ॲमांडा म्हणाली, वाचून दाखवू का. मी म्हटलं, माझा खुबा मोडलाय, डोळे शाबूत आहेत.

मी उभी राहणार नाही. का ते आता लिहून टाकते. तोंडाने मला जमलं नसतं.

माझ्या जॉनीला तू चालवलंस. तो जेटीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, त्याचाही हाच खुबा मोडला, गुरुवारी ऑपरेशन झालं. शनिवारी तू त्याला चालवलंस आणि सोमवारी सकाळी चहाची किटली वॉर्डात यायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, पायातली गुठळी छातीत गेली. मला एवढंच सांग, पायात गप पडलेली गुठळी छातीत जाते कशी? कुणीतरी पाय हलवल्याशिवाय? हे मला त्याच्या बहिणीने त्याला पुरून घरी आलो तेव्हा सांगितलं. "तुझ्या त्या मैत्रिणीने घाई केली." मी तिला गप बस म्हणाले. पण ते शब्द माझ्यात राहिले, ते काही गेले नाहीत.

दोन वर्षं तुला हे बोलले नाही. तू यायचीस, मी तुला जेवायला वाढायचे. बोंबील तळायचे आणि तुझ्या हातांकडे बघायचे. ह्याच हातांनी त्याला उठवलं.

तू विचारशील, मग बोलली का नाहीस? कारण तेच चालणं मला हवंसुद्धा होतं. त्या शनिवारी दुपारी तुझा फोन आला होता. मी गोराईला घरी आले होते, दिराच्या मुलाचं लग्न रविवारी होतं. नाताळाआधीचा ॲडव्हेंट लागला की लग्नं थांबतात, त्याच्या आधीचं हे शेवटचं, आणि शनिवारी संध्याकाळी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायचा विधी. मी जाऊ की नको करत होते. तू म्हणालीस, "आयडा, तुझा नवरा खिडकीपर्यंत चालला. अकरा पावलं. तिथून त्याला खाडीपलीकडे पॅगोडाचं सोनेरी टोक दिसलं, म्हणाला, ते बघ आमचं गोराई. आणि म्हणाला, आयडाला सांग, माझ्या वाटचंही नाच."

तेव्हा मी गेले. बँड लावून विहिरीवर पाणी आणायला गेलो, मी डोक्यावर कळशी घेऊन नाचले. त्याच्या वाटचंही नाचले. रविवारी लग्नाला थांबले. सोमवारी पहिल्या बोटीत बसले, आणि बोट मधे असताना फोन आला.

त्याच्या फायलीतला तुझा कागद मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय. तुझ्या अक्षरात लिहिलंय, शनिवार, अकरा पावलं, खिडकीपर्यंत. संध्याकाळी मी तो उघडते. त्या अकरा पावलांनी त्याला मारलं आणि तीच त्याची शेवटची पावलं. तुझ्याशी भांडले असते तर ती पावलंही गेली असती. पण माझ्या स्वतःच्या पायाला तुझी ही विद्या मी लावू देणार नाही.

मोसंबी शेजारच्या बाईला दिली.

आयडा


हॉस्पिटलचं गेट,
१३ जानेवारी, संध्याकाळ

आयडा,

ॲमांडाने गेटवर पत्र दिलं. इथेच पायरीवर बसून वाचलं, इथेच उत्तर लिहितेय.

दोन वर्षं पोटात ठेवलंस? माझ्या ताटात बोंबील वाढताना मनात हे चाललं होतं? पाचवीत तू बोटीने यायचीस, मुली म्हणायच्या हिच्या दप्तराला मासळीचा वास येतो, तेव्हा बाक बदलून तुझ्या शेजारी येऊन बसलेली मी. माझ्याबद्दल हे? मला एकदा विचारायचं तरी होतंस.

चालल्याने कुणी मरत नाही. उलट आहे. पडून राहिलं की पोटरीत रक्त साकळून गुठळी होते, आणि झाली की ती कधी सुटेल ते सांगता येत नाही, माणूस झोपलेला असला तरी सुटते. चालल्याने रक्त वाहतं राहतं. कुठल्याही डॉक्टरला विचार. संघमित्राला विचार. जॉनीच्या बहिणीला काय कळतं त्यातलं?

उद्या चौथा दिवस आहे. वाद नंतर घालू. उद्या उभी राहा, मी हात जोडते.

कुंदा


१४ जानेवारी, सकाळ

कुंदा,

काल संघमित्राला विचारलं. ती तेच म्हणाली जे तू म्हणतेस. पोरगी साधी आहे, खोटं बोलत असेल असं वाटत नाही.

मग मी रात्रभराच्या झोपेनंतर डोकं शांत ठेवून विचार केला. पडून राहणाऱ्याला गुठळी होते. चालणाऱ्याला सहसा होत नाही. जॉनी चालला. तुझ्याच अक्षरात आहे. मग त्याला का झाली?

हे मी आज संघमित्राला विचारलं तर ती म्हणाली, क्वचित होते मावशी, पण तुम्ही कुंदामॅडमना विचारा. तुला मी काल सगळं लिहिलं आणि तू मला शाळेतला बाक सांगितलास. शनिवारचा एक शब्द नाही. पन्नास वर्षं ओळखते मी तुला, टाळायचं असलं की तू जुनं काढतेस.

तुझी विद्या खोटी की तुझा कागद? दोन्हींतलं एक सांग. सांगेपर्यंत मी पाय खाली सोडणार नाही.

आयडा


दहिसर,
१४ जानेवारी

आयडा,

आज संक्रांत. तिळाचे लाडू पाठवत नाही, कारण आज जे लिहायचंय ते गोड नाही.

कागद खोटा आहे.

जॉनी चाललाच नाही. एक पाऊलही नाही. शुक्रवारी मी त्याला खाटेच्या कडेला बसवलं, त्याला चक्कर आली, उलटी झाली, परत निजवलं. ते तसंच लिहिलंय, ते खरं आहे. शनिवारी मी वॉकर घेऊन गेले. त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "कुंदा, आज नको. उद्या. तुझ्या पाया पडतो." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तुझ्या नवऱ्याला मी कधी रडताना बघितलं नव्हतं गं. दुसरा कुणी असता तर मी ऐकलं नसतं. वॉर्डात मला हवालदारीण म्हणायचे. पण तो जॉनी होता. मी म्हटलं, बरं, उद्या.

आणि कागदावर अकरा लिहिलं. आमच्या वॉर्डात खिडकीपर्यंतचं अंतर आम्हाला पाठ होतं. चार नंबरच्या खाटेपासून सात पावलं, सहा नंबरपासून अकरा. जॉनी सहा नंबरला होता. पेन थांबलंसुद्धा नाही. रकाना रिकामा ठेवला असता तर मोठे डॉक्टर विचारतात, का नाही चालवलं, म्हणून कधीतरी असं भरायचे सगळे. मीही भरायचे. दुसऱ्या दिवशी भरून काढू, असं म्हणायचे.

पण दुसरा दिवस रविवार होता. आमच्याकडे रविवारी फिजिओला सुट्टी असायची. सिस्टर माझा कागद बघून ठरवायच्या, कुणाला उठवायचं ते. ज्याच्यापुढे 'चालला नाही' असेल त्याला त्या उभं करायच्या. जॉनीपुढे अकरा पावलं होती. हा चालतोय, म्हणून त्याच्या खाटेपाशी कुणी थांबलं नाही. गुरुवारपासून सोमवारपर्यंत तो आडवाच होता.

चालला असता तर वाचला असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. पण चालल्यामुळे तो गेला नाही, हे नक्की आहे. कारण तो चाललाच नाही.

खिडकी खोटी. पॅगोडा खोटा. तुला फोन केला तेव्हा तुझा आवाज इतका घाबरलेला होता की मी कागदावर होतं ते वाचून दाखवलं, आणि मग थांबता आलं नाही, वर पॅगोडा घातला. 'माझ्या वाटचंही नाच' हे मात्र तो म्हणाला होता. पडल्यापडल्या म्हणाला होता. तेवढं खरं आहे.

सोमवारी मी आठला ड्युटीवर आले तेव्हा खाट रिकामी होती. कागद बदलता आला असता. कुणाला तरी सांगता आलं असतं. तुला सांगता आलं असतं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "निदान चालला तरी." त्यानंतर मला सांगता आलं नाही. प्रत्येक महिन्याला वाटायचं, या खेपेला सांगेन. मग तू ताट वाढायचीस.

तू मला तोंड दाखवू नकोस म्हणालीस तरी चालेल. पण आयडा, त्याच्यासारखी पडून राहू नकोस. मी हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच. नाहीतर लिहिलं नसतं, हेही खरंच सांगते.

कुंदा


बोरिवली, हॉस्पिटल
१९ जानेवारी

कुंदा,

पाच दिवस तू गेटवर येऊन रिकाम्या हाताने परत जातेस, असं ॲमांडा सांगते. मी तिला सांगितलं होतं, काही बोलू नकोस. माझ्याकडे तुला द्यायला काही नव्हतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी तुझं पत्र वाचलं आणि घंटी वाजवली. सिस्टर आल्या. मी म्हटलं, वॉकर आणा. त्या म्हणाल्या, संघमित्रा उद्या येईल. मी म्हटलं, आत्ता आणा. दोघींनी धरलं. पाय खाली सोडले तर डोळ्यांपुढे अंधार आला, बसून राहिले, मग उभी राहिले. इतकं दुखलं की मी जॉनीच्या नावाने ओरडले. चार पावलं टाकली. तुझ्यासाठी नाही टाकली. तू सांगितलंस म्हणूनही नाही. तुझ्या पत्रानंतर मला पडून राहवेना, जॉनीला तसं चार दिवस ठेवलं होतं हे कळल्यावर.

आता माझं ऐक. केसाने गळा कापलास. त्याला उठवलं नाहीस त्याबद्दल नाही म्हणत मी, माणसाचा हात एखाद्या दिवशी ढिला पडतो. पण तू मला लग्नाला पाठवलंस. तुझ्या अकरा पावलांच्या भरवशावर मी कळशी घेऊन नाचले. तो चालला नाही हे मला कळलं असतं तर मी पाच मिनिटंही गोराईला थांबले नसते. रविवारी मी त्याच्या खाटेपाशी असते. मी त्याला उठवलं असतं, शिव्या देऊन, मारून उठवलं असतं. नसता उठला तर निदान त्याच्या शेजारी तरी बसले असते. तो दिवस माझा होता आणि तो तू घेतलास.

मग मातीच्या दिवशी मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तू ठेवू दिलंस.

तू लिहितेस, नाच असं तो खरंच म्हणाला होता. ते मी कशावरून मानू? त्याच फोनमध्ये सांगितलंस, त्याच आवाजात. आता मला ते वाक्यही धरवत नाही. माझ्याकडे त्याचं शेवटचं तेवढंच होतं.

आणि आणखी एक. तू चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला रडत असताना उभं केलंस, हे तूच हसत सांगितलं होतंस. जॉनी रडला आणि तू विरघळलीस? फक्त तेवढंच? मला पटत नाही. खरं सांगायला बसली आहेस तर अर्धं सांगू नकोस.

तुझा तो कागद पाठवतेय. फाडायचा नाही. अकरावर रेघ मार, खरं काय ते लिही, सही कर, तारीख आजची घाल. मग परत पाठव.

आयडा


दहिसर,
२१ जानेवारी

आयडा,

कागद सोबत आहे. सांगितलंस तसं केलंय. सही वाकडी आलीय, पण माझीच आहे.

तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. तो रडला हे खरं, मला वाईट वाटलं हेही खरं. पण तेवढ्याने मी थांबले नसते. पावणेतीन वाजले होते. खाली रिक्षात माझ्या निहारची होणारी सासू बसली होती. पोराच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायला जायचं ठरलं होतं आणि तिचे दोन फोन येऊन गेले होते. जॉनीला समजवायला, उभं करायला, चक्कर आली तर बसवायला पाऊण तास लागला असता. तो "उद्या" म्हणाला आणि मला सुटल्यासारखं झालं. हे मी आजवर स्वतःलासुद्धा असं सरळ सांगितलं नव्हतं. मी त्याच्यावर दया केली असं मानत आले. तुला फोन केला तो रिक्षातून केला.

त्या दिवशी तुझ्यासाठी जांभळी साडी घेतली होती. तू साखरपुड्याला येशील म्हणून.

त्या हॉस्पिटलात मी आज सकाळी जाऊन आले. माझ्या जुन्या मॅडमना, मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, लेखी दिलं. त्यांनी ठेवून घेतलं. काय करतील ते करोत, मी रिटायर आहे, माझं फारसं काही जाणार नाही. हे तुझ्यापाशी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. तू अर्धं सांगू नकोस म्हणालीस म्हणून सांगितलं.

संघमित्रा सांगत होती की तू तीस पावलांवर गेलीस. मी तिला म्हटलं, मोजून लिहितेस ना? ती म्हणाली, तुमची मैत्रीण स्वतः मोजते, मोठ्याने.

एकदा भेटशील? दारातून बघून जाईन.

कुंदा


गोराई,
३ फेब्रुवारी

कुंदा,

घरी येऊन आठवडा झाला. कागद मिळाला होता. अकरावर रेघ, बाजूला शून्य, खाली सही आणि तारीख. नीट केलंस.

जांभळी साडी ॲमांडाबरोबर परत पाठवतेय. दोनदा नेसले होते, धुऊन इस्त्री केली आहे.

तू विचारतेस म्हणून नाही, पण फिजिओ होतीस म्हणून पायाचं सांगते. उठते, बसते, वॉकर घेऊन मोरीपर्यंत जाते. कोंबड्यांना दाराशी बसून दाणे टाकते. शुक्रवारी फादर घरी येऊन गेले, पुढच्या महिन्यात देवळात ये म्हणाले. ॲमांडा रोजची पावलं कॅलेंडरवर लिहिते. परवा खिडकीपर्यंत जायचं होतं. माझ्या खाटेपासून पंधरा पावलं. मोरीच्या दोन फेऱ्या आधीच झाल्या होत्या, बारा झाली आणि पाय थरथरायला लागला, खुर्चीत बसले. ॲमांडा म्हणाली, "मम्मी, पंधराच लिहिते ना, तीन तर राहिली." चांगल्या मनाने म्हणाली बिचारी. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि बारा लिहिलं. पोरगी दचकली. मी तिला काही सांगितलेलं नाही. ब्रेंडनलाही नाही. बापाबद्दल मुलाला काय वाटत राहावं ते मी ठरवेन.

काल पोचले. खाडीपलीकडे तुमच्या इमारती दिसतात. त्या हॉस्पिटलची कुठली ते मला ओळखता येत नाही, मी शोधायचा प्रयत्नही केला. पंधरा मिनिटं उभी होते.

तू दारातून बघून जाईन म्हणतेस. तू आलीस तर मी तुला आत घेईन, मला माहीत आहे. पन्नास वर्षांची सवय आहे, हात आपोआप ताट वाढेल. म्हणूनच सांगते. तुझ्यावर ओरडून झालं की माझं मन हलकं होईल आणि मग मी तुला माफ करून टाकेन, आणि ते मला करायचं नाहीये. माझ्या पायांचं तू भलं केलंस, खोटं कशाला बोलू. खरं लिहिलं नसतंस तर मी अजून खाटेवर असते. पण ते तुला दोन वर्षं आधी लिहिता आलं असतं, किंवा त्या दिवशी रिक्षातून.

कागद मी परत पुस्तकात ठेवलाय. संध्याकाळी उघडते, सवय आहे. आधी उघडला की जॉनी उठून खिडकीशी जायचा. आता तो खाटेवरच असतो, आणि मी लग्नात नाचत असते.

येऊ नकोस.

आयडा